दुसऱ्या कडव्यातली अनोळखी बाई

रविवार, १४ सप्टेंबर १९८६. किवॉनी, विस्कॉन्सिन.

शिकागोच्या हॉवर्ड ग्लिक यांचं पत्र. विसरल्या गेलेल्या गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्ड ते पुन्हा काढतात. डेल व्हेसेलीची सहाही गाणी घेणार आहेत आणि पाकिटामागचा मजकूर मी लिहावा अशी विनंती आहे. ‘या विषयातले तुम्हीच एकमेव जाणकार, असं मला तिघांनी सांगितलं.’ तिघं कोण ते लिहिलेलं नाही. मला दोनच सुचतात. मुदत १ डिसेंबरच्या टपाल शिक्क्याची, शब्द हजार.

म्हणून आजपासून ही वही. नोंदी ठेवायचं वळण मला सासऱ्यांकडून लागलं. क्रीम रंगाच्या त्यांच्या ५८ सालच्या ब्युइकच्या कप्प्यात एक वही असे: तारीख, गाडी कोणी नेली, कुठे, कशाला, किती मैल. गाडी मी ७४ साली विकली. वही टाकली नाही, कामाच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. अशी वही टाकून देणाऱ्यांतला मी नाही.

माझ्याविषयी एवढंच. सोळाव्या वर्षी शाळा सोडली. रेडिओ, टीव्ही आणि ज्यूकबॉक्स दुरुस्त करतो. जे शिकलो ते झाकण उघडून, आत बघून. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाच्या चुकाही माझ्यात आल्या नाहीत.

डेलविषयी मला ठाऊक आहे ते असं. जन्म १९४४, स्लोव्हन. बापाचं अ‍ॅकॉर्डियन वाजवत वाढला. ६४ साली दुधाच्या ट्रकच्या गॅरेजात चौघांनी ‘ब्रेकवॉटर्स’ जमवली. पहिल्या दोन रेकॉर्ड गॅरेजच्याच: तीन स्वरमेळ, एक फाटका स्पीकर आणि कुठल्यातरी मुलीवरचा राग. मग डेलने बारा तारांची गिटार घेतली, केस कानांवर आणले आणि आवाज खाली आणला. तिसरी रेकॉर्ड शबॉयगनला एका फर्निचरच्या दुकानावरच्या खोलीत झाली, शनिवार, २६ नोव्हेंबर १९६६. एका बाजूला ‘तिची ब्युइक’, दुसऱ्या बाजूला ‘उत्तर धक्का’ (बंदराचा). प्रती तीनशे. त्यातल्या एकोणीस कुठे आहेत ते मी सांगू शकतो.

‘उत्तर धक्का’च्या दुसऱ्या कडव्यात एक मुलगी गायला येते. तेवढंच कडवं, मग नाही. लेबलवर तिचं नाव नाही. अकरा वर्षं मी तिला शोधतोय. सापडली तर मजकूर पुरा. नाही सापडली तर आयुष्यात एकदाच छापून येणाऱ्या माझ्या नावाच्या वर ‘अनोळखी’ हा शब्द येणार. तो मला सहन होण्यासारखा नाही.

मजकूर टाइप मार्लिस करेल. माझ्या बायकोचं टायपिंग चांगलं आहे. हे लिहीत असताना ती आत भांडी घासत तेच गाणं गुणगुणते आहे. अर्धा स्वर खाली. पंधरा वर्षं सांगतोय.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

डेलला शुक्रवारच्या तळलेल्या मासळीच्या जेवणावर गाठला. शुक्रवारी अख्खं गाव तिथे असतं, लपायला जागा नसते. हल्ली तो काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो, उन्हाळ्यात रस्त्यांचे खड्डे भरतो. आमच्याच टेबलाशी, मार्लिसच्या समोर बसला. मी पॅड काढलं.

“नॉर्ब, आधी मासा खा,” तो म्हणाला. “गार झाला की त्याचं बुटाचं कातडं होतं.”

“६७च्या जानेवारीत तू मिलवॉकीच्या कंपनीला नकार दिलास.”

“कोण म्हणतं?”

“माझं टिपण आहे.”

“फोन आला होता, खरंय. आईला. बदकं हवी होती कुणाला तरी. आईनेच नकार दिला, बदकं विकून झाली होती.”

मी ‘फोन आला होता’ एवढं ठेवलं.

सैन्यात मार्चमध्ये गेलो म्हणाला. मी सांगितलं, तेरा फेब्रुवारीला, पेपरात यादी आली होती.

“अरे, सैन्यात मी गेलो होतो की तू?”

“गेलास तू. पण पेपर मी जपून ठेवलाय.”

“मग तूच बरोबर असशील,” तो म्हणाला. “त्या गाण्यांतून मला अकरा आठवडे मजा मिळाली, बाबा. तू त्यावर अकरा वर्षं काढलीस. माझ्यापेक्षा तुझाच हक्क जास्त.”

मी सरळ मुद्द्याला हात घातला. “दुसऱ्या कडव्यातली मुलगी कोण?”

तो चावायचा थांबला. “मार्लिस, ती लिंबाची फोड दे गं.” तिने दिली. त्याने ती सावकाश पिळली. “आठवत नाही.”

“एकाच माइकसमोर उभे होता तुम्ही. दोघांत वीतभर अंतर.”

“नॉर्ब, मी बावीस वर्षांचा होतो. शेजारी कोण आहे त्यापेक्षा माझे केस कसे दिसतात इकडे लक्ष.”

मार्लिसला इतकं हसू आलं की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. डेलचे विनोद तिला आवडतात. मला ते जरा सैल वाटतात.

रविवार, २८ सप्टेंबर

चर्चचा बूया, म्हणजे गावजेवणाचा रस्सा. पहाटे चारपासून कढई चढली होती; कोंबडी, बटाटे, कोबी, आणि ढवळायला वल्ह्याएवढं लाकूड. मार्लिस वाढपात होती. डेल त्याच्या पोल्का बँडबरोबर अ‍ॅकॉर्डियन वाजवत होता. ज्याने ‘उत्तर धक्का’ केलं त्या माणसाने म्हाताऱ्यांना नाचवावं, हे बघून मला घास उतरेना. (दोन वाट्या खाल्ल्या. मीठ कमी होतं, तसं त्यांना सांगितलं.)

नंतर डेल मला त्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. ट्रकच्या टायरांमागून बारा तारांची गिटार काढली, पुसली, सुरात लावली आणि ‘उत्तर धक्का’ सुरू केलं. मी हात वर करून थांबवलं.

“पट्टी चुकतेय. तू ई मध्ये वाजवतोयस. गाणं एफ मध्ये आहे.”

“बारा तारांवर एफ कोण धरेल? बोटं तुटतील. ई मध्येच आहे.”

“रेकॉर्डवर एफ आहे.”

“मग रेकॉर्डला विचार,” म्हणाला आणि ई मध्येच पुढे वाजवत राहिला. वीस वर्षांनी माणूस स्वतःचं गाणं अर्धा स्वर खाली विसरतो, हे नोंदवण्यासारखं आहे. मार्लिसचीही नेमकी हीच चूक. ऐकीव गाणी खाली घसरतात, असा नियमच असावा. मजकुरात एक वाक्य घालता येईल.

निघताना एक मोठी गोष्ट हाती लागली. मी म्हणालो, ‘तिची ब्युइक’ मधली ब्युइक हे श्रीमंतीचं प्रतीक, असं मी लिहिलंय.

डेल म्हणाला, “प्रतीक कसलं? व्हॅन नव्हती आमच्याकडे. सगळं सामान त्या पोरीच्या ब्युइकमधून शबॉयगनला नेलं. गाडी तीच चालवत होती. तिच्याइतकी भरधाव मी ट्रकसुद्धा नेत नाही.”

“कुठली पोरगी?”

तो गिटार पुसत बसला.

“म्हणजे दुसऱ्या कडव्यातली तीच?”

“नॉर्ब, घरी जा. जेवायला थांबली असेल ती.”

नोंद: ब्युइक खरी होती. मालक: अनोळखी.

मंगळवार, ३० सप्टेंबर

गाड्या विकणाऱ्याचे जुने कागद त्याच्या मुलाकडून पाहायला मिळाले. नोव्हेंबर ६६ मध्ये या काउंटीत एकूण अकरा ब्युइक होत्या. त्यातली एक आमच्याच सासऱ्यांची. ती वगळून दहा. दहांपैकी सहांच्या घरी मुली होत्या. आता हे अंकगणित आहे. मार्लिसला सांगितलं.

“अकरातून एक गेली दहा,” ती म्हणाली. “हिशेबाला पक्का आहेस.”

मी थँक्यू म्हणालो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

अल्गोमाला जाऊन आलो. जॅकलिन डेर्क्स, पूर्वाश्रमीची विलेम्स. सहांपैकी पाच बाद झाल्यावर ही एकच उरली होती. वडिलांची हिरवी ब्युइक. फोनवरचा आवाज अगदी हवा तसा, थोडा घोगरा. दारातच सांगितलं, मी सगळं ओळखून आलोय.

“काय ओळखलंत?”

“२६ नोव्हेंबर ६६ ला तुम्ही शबॉयगनला होतात.”

“त्या वर्षी मी दुसरीत होते, काका.”

तिने चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा फोटो आणून दाखवला. पुढचे दोन दात नव्हते. मी फोटोची मागची तारीख तपासली. बरोबर होती. तिने कॉफी दिली आणि विचारलं, “ती बाई सापडली तर तुम्ही तिला काय विचारणार?”

हा प्रश्न मला आजवर कुणी केला नव्हता. मी म्हणालो, एकच कडवं गाऊन गप्प का झाली, ते विचारीन.

घरी आल्यावर मार्लिसला हे सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलायची थांबली, मग पुन्हा सोलू लागली. म्हणाली, “कुणी विचारलं नसेल पुढे.”

हे उत्तर नव्हे. पण तिला या विषयातलं कळत नाही, त्यामुळे मी वाद घातला नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

पहिला मसुदा मी सांगितला, मार्लिसने टाइप केला. नऊशे सत्त्याण्णव शब्द. वाचून पाहिला तर एक ओळ गाळलेली. सोळा वर्षांत तिच्याकडून ओळ सुटलेली नाही. ती ओळ अशी: ‘दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत ही अनोळखी गायिका किंचित कणसूर होते.’

“सुटली,” ती म्हणाली.

“घाल.”

“हवीच का? एवढंसं तर आहे.”

“एवढंसं असलं तरी खरं आहे. माझं हे मत १९७१ पासून बदललेलं नाही.”

आणि ते खरंच आहे. तो दिवस मला लख्ख आठवतो. एका दारूच्या गुत्त्यातला मोडका ज्यूकबॉक्स मी दुरुस्तीला आणला होता, त्यात ही रेकॉर्ड निघाली. लावली. मार्लिस ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, ही मुलगी कशी वाटते तुला? लग्नाला वर्षच झालं होतं, गाण्यात तिला रस आहे हे मला तेव्हा प्रथम कळलं. मी तिला नीट समजावून सांगितलं: तिसऱ्या ओळीत कणसूर आहे. पोरांनी कुणाची तरी मैत्रीण आणून उभी केलीय. अशांना माइकसमोर येऊ देऊ नये. ती हात पुसत आत गेली.

पुढे माझं मत बरंच सुधारलं. आज मी म्हणतो की ते कडवं काढलं तर त्या गाण्यात उरतं काय? पण कणसूर ते कणसूर.

तिने ओळ घातली. कागद टाइपरायटरमधून जरा जोरात ओढला, कोपरा फाटला. पुन्हा टाइप करावा लागला.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहायला हवं.

ग्लिक यांना गाणी टेपवर हवी आहेत. ‘उत्तर धक्का’ची माझी सर्वांत चांगली प्रत लावली. पहिलं आणि दुसरं कडवं यांच्यामध्ये सव्वा सेकंद सगळे गप्प असतात. तिथे मागे एक बारीक घूं ऐकू येते. त्या खोलीतल्या अँपची घूं. विजेची. आणि विजेची घूं या देशात सगळीकडे साठ हर्ट्झ असते, शबॉयगनला असो की व्हाइट हाउसमध्ये. मी स्वतः जुळवलेल्या यंत्रावर ती मोजली.

साडेत्रेसष्ट.

चार वेळा मोजली. साडेत्रेसष्ट. म्हणजे वीज चुकली नव्हती, रेकॉर्ड चुकली होती. कापताना टेप वेगात पळाली होती. वीस वर्षं जगाने हे गाणं अर्धा स्वर चढवून ऐकलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

टर्नटेबलचा वेग मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवरून साडेबेचाळीसवर आणला. घूं बरोबर साठवर बसली. गाणं ई मध्ये आलं. डेल बरोबर होता; हे मान्य करायला मला काही वाटत नाही, कारण सिद्ध मी केलं.

मग दुसरं कडवं आलं आणि माझ्या हातातला पेचकस तसाच राहिला. वेगात होती तेव्हा ती कुणी चिमणी पोर वाटायची. आता बाई वाटली. आवाज भरला, श्वास ऐकू यायला लागला. आणि ओळखीचा वाटला. कुठेतरी ऐकलाय, पुष्कळदा ऐकलाय. ग्रीन बेच्या रेडिओवर पिठाची जाहिरात गायची ती असेल का? उद्या तिकडे पत्र टाकतो.

मागे बघितलं तर मार्लिस दुकानाच्या दारात. हातात कपड्यांची टोपली. पूर्ण गाणं संपेपर्यंत हलली नाही.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली.

सामान्य माणसालासुद्धा अर्धा स्वर जाणवतो, याचं मला समाधान वाटलं. न्यायाने वागायचं म्हणून तिला हेही सांगितलं की, इतकी वर्षं ती गुणगुणत होती ती पट्टी योगायोगाने बरोबर निघाली. तिला सगळंच खाली म्हणायची सवय आणि रेकॉर्ड तेवढीच वर. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं.

“असं होतं कधी कधी,” ती म्हणाली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डेल संमतीच्या कागदावर सही करायला दुकानात आला. बाहेर या मोसमातला पहिला बर्फ, त्याचा ट्रक रस्त्यात चालूच होता. त्याला बरोबर वेगातलं गाणं ऐकवलं. टोपी काढून ऐकत होता. दुसरं कडवं झालं तेव्हा टोपीने तोंड पुसलं.

“तिने ऐकलं का हे?”

“कोणी?”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू त्याने टीव्ही उघडलाय आणि आत काहीच नाही.

“नॉर्ब, तुझ्यासारखा कान या काउंटीत दुसऱ्याला नाही. मी चार ठिकाणी सांगत असतो. पण देवाने तो दिला तेव्हा कसा वापरायचा तो कागद द्यायला विसरला बघ.”

“तुला तिचं नाव ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. पण शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“ब्युइकच्या मालकिणीला. ती म्हणाली, त्याचं त्याला कळू दे.”

“त्याला म्हणजे कुणाला?”

डेल सही करून गेला. ट्रक वळवताना माझ्या दारातला सगळा बर्फ काढून दिला, एवढं मात्र खरं. ‘कळू दे’ म्हणजे ती माणसं अजून संपर्कात आहेत. म्हणजे ती जिवंत आहे. म्हणजे जवळपासच आहे. माग लागतो आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पिठाच्या जाहिरातवाल्यांचं उत्तर: गाणारी बाई टेक्ससची होती. दहाही ब्युइक संपल्या.

मजकूर पाठवायच्या आधी यादी पुरी असावी, म्हणून अकरावीची नोंदही करून टाकायचं ठरवलं. उद्या ग्लिक यांनी विचारलं की अकरावी का तपासली नाही, तर? सासऱ्यांची वही खणातून काढली. पान सापडायला मिनिटही लागलं नाही, इतकी नीटनेटकी वही.

‘२६ नोव्हें. ६६. मार्लिस. शबॉयगन. चर्चचं गायन. ११६ मैल.’

वही परत खणात ठेवली. नऊ वाजता दुकान उघडलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

नोंद नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मिसेस कोस्टिचकांच्या टीव्हीत चुकीची नळी बसवली. अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आतून गुणगुण. ई मध्ये.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग.

दोघांपुरती टर्की कापत होतो. चार दिवस शब्द जुळवत होतो, त्यातला एकही उपयोगी पडला नाही. शेवटी विचारलं, “तुझ्या वडिलांच्या ब्युइकमध्ये मागे किती जागा होती?”

तिने सुरीखालची ताटली सरळ केली. “दोन अँप, एक मोठा ड्रम आणि तीन पोरं. डेल पुढे बसायचा, गिटार मांडीवर. दुसरं कुणी तिला हात लावलेला त्याला चालायचं नाही.”

“तू सांगितलं का नाहीस?”

“सांगायलाच तर आले होते. एकाहत्तर साली. हातसुद्धा पुसले नव्हते.”

मी टर्कीच्या मांडीचा सांधा शोधत राहिलो. सापडेना.

“तुझ्या तोंडून ऐकायचं होतं आधी,” ती म्हणाली. “म्हणून नाव न सांगता विचारलं. ऐकलं.”

“आणि मग मी अकरा वर्षं गावोगाव हिंडतोय, ते तू...”

“डबा देत होते ना बरोबर. बघत होते, घरी कधी पोचतोस.”

एक गोष्ट विचारणं भाग होतं. मजकुराच्या अचूकपणासाठी. “तू डेलची मैत्रीण होतीस?”

“छे. माझ्याकडे गाडी होती.”

“मग गायलीस कशी?”

“खोलीत शेगडी नव्हती, म्हणून मी उबेला त्यांच्या घोळक्यात उभी राहिले. डेल म्हणाला, उभीच आहेस तर तोंड उघड. कडवं झालं तशी मला गाडीची आठवण झाली. साडेपाचच्या आत घरी न्यायची होती, शबॉयगनचं चर्चचं गायन चारला सुटतं असं बाबांना सांगितलं होतं. मी खाली जाऊन गाडी तापवत बसले.” मग म्हणाली, “घे. अकरा वर्षं विचारायचं होतं ना, गप्प का झाली. झालं विचारून.”

आम्ही जेवलो. रताळी उत्तम झाली होती, तसं म्हणालो. मग म्हणालो, मजकुरात तिचं नाव घालतो.

“घाल. लग्नाआधीचंही घाल. पण ते वाक्य काढ.”

कुठलं, ते मी विचारलं नाही. “मार्लिस, ते वाक्य खरं आहे. वेग बदलला तरी गिटार आणि आवाज यांच्यातलं अंतर बदलत नाही. दोघं बरोबरच खाली येतात.”

“ती मुलगी एकोणीस वर्षांची होती. बापाशी खोटं बोलून गाडी आणलेली. पाय गारठलेले. काढ.”

“मी आजवर खोटं काही लिहिलेलं नाही.”

“तर मग मोज,” ती म्हणाली आणि ताटं उचलली. “एवढं यंत्र केलंयस. त्या वीतभर अंतरात कोण हललं, ती की गिटार, तेही सांगत असेल ना तुझी घूं.”

सांगते. साठवर घूं बसवली की तिच्यापासून दोघांचंही अंतर काढता येतं. हे तिने मला सांगावं आणि मला सुचलं नसावं.

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी दुकानाचं दार लावून घेतलं. रेकॉर्ड साडेबेचाळीसवर, घूं साठवर. दुसरं कडवं, तिसरी ओळ. चौदा वेळा मोजली. शंका राहू नये म्हणून दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा सहा वेळा. विसांपैकी वीसही आकडे सारखे आले.

काय निघालं ते या वहीत लिहीत नाही.

डेलला फोन लावला. एक वाक्य वाचून दाखवतो, तुझी हरकत असेल तर सांग, म्हणालो. वाचलं.

“चढली होती म्हणतोस? माझी गिटार?”

“किंचित.”

“अरे किंचित कशाला, चांगली चढव. पाहिजे तर मलाही चढलेली होती म्हणून लिही.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “पोचलास तर एकदाचा.”

दुपारी शेवटची प्रत. मी सांगितलं, तिने टाइप केलं: ‘दुसऱ्या कडव्यात मार्लिस क्लिमेश (तेव्हाच्या मार्लिस हाफेमन) गातात. गाण्यातली ब्युइक त्यांच्या वडिलांची होती आणि त्या स्वतः ती चालवत होत्या. तिसऱ्या ओळीत गायिका सुरात असून डेल व्हेसेली यांची गिटार थंडीमुळे किंचित चढलेली आहे.’

टाइप करताना तिने एकदाही वर पाहिलं नाही. एकही चूक नाही. शब्द नऊशे नव्व्याण्णव. पाकीट बंद करून मी स्वतः पेटीत टाकून आलो, म्हणजे आता ते परत काढता येणार नाही.

ती आत भांडी घासते आहे. पहिलं कडवं चालू आहे, बरोबर पट्टीत. टेबलावर यंत्र अजून चालू होतं, सुई तिच्या आवाजाबरोबर हलत होती.

दुसरं कडवं यायच्या आत मी ते बंद केलं.